खडीची चंद्रकळा

तबेल्याचं दार सरकवलं की मी आधी चारा घालत नाही. खिशातली बॅटरी काढते आणि एकेकाचे डोळे बघते. पापणी सुजलीय का, कडेनं पाण्याची ओली रेघ आलीय का, बुबुळावर निळसर धुकं चढलंय का, उजेड पडल्यावर डोळा घट्ट मिटून घेतंय का. चार जनावरं, सात डोळे. एवढं झालं की मग गवत, पाणी, शेण काढणं.

अ‍ॅपलूसा, म्हणजे अमेरिकेतले ठिपकेवाले घोडे, बाळगणाऱ्यांना ही सवय लागतेच. मला ती कशी लागली हे सांगायचं तर अडतीस वर्षं मागं जावं लागेल. खरं तर पार मिरजेपर्यंत.

आबा, म्हणजे माझे आजोबा, मिरज स्टेशनबाहेर टांगा हाकायचे. घोड्याची चंदी म्हणून हरभरा भिजत घातलेला असायचा, त्याचा वास आमच्या सगळ्या घराला होता. आबांना घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे वाचता यायचे. कुणी नवं घोडं घेतलं की त्यांना बोलावणं यायचं, मग ते गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा आहे का, चारी पाय नि तोंड पांढरं असलेलं पंचकल्याणी आहे का, सगळं हात फिरवून बघायचे. मी बरोबर असायचे. नवं घोडं टांग्याला जुंपण्याआधी आबा त्याला पहाटे नुसत्याच दोन लांब दोरांवर, मागून चालत, रस्त्यानं हाकून आणायचे. महिना-महिना. टांगा नंतर. एकदा मी विचारलं, ह्याच्या डोळ्यांना झापडं कशाला बांधता? ते म्हणाले, "त्याला पेलेल तेवढंच दाखवायचं पोरी. बाकीचं मी बघतो ना."

१९८६ साली लग्न होऊन मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला आले. हे तिथं गव्हावर पीएचडी करत होते. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, इंग्रजी बोलायला जीभ उचलत नव्हती. खिडकीतून बघावं तिकडं गोल गोल टेकड्या. उन्हाळ्यात त्यांच्यावर गहू, मसूर आणि चक्क काबुली हरभरा. आणि ह्या मुलखाचं, इथल्या नदीचं नाव पलूस! माझं आजोळ आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसचं. मी आईला पत्रात लिहिलं, मी पलूसलाच आलेय, काळजी करू नको.

ह्याच नावातून ह्या घोड्यांचं नाव आलं. नदीकाठचे ठिपकेवाले घोडे म्हणजे 'पलूस घोडे'. 'अ पलूस' म्हणता म्हणता त्याचं अ‍ॅपलूसा झालं. पुलमनपासून आठ मैलांवर, आयडाहो राज्यात लागताच मॉस्को नावाचं गाव आहे. तिथं हमरस्त्यालगत अ‍ॅपलूसा हॉर्स क्लबची कचेरी आणि संग्रहालय. हा क्लब १९३८ साली ऑरेगनमधल्या मोरो गावी क्लॉड थॉम्प्सन नावाच्या शेतकऱ्यानं काढला आणि १९४७ मध्ये तो मॉस्कोला आला. आल्यावर पहिल्याच महिन्यात हे मला तिथं घेऊन गेले. संग्रहालयात भिंतभर फोटो: पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, पांढरी चादर टाकून तिच्यावर शाईचे थेंब उडवावेत तसे घोडे, अंगभर ठिपके असलेले बिबळे घोडे, काळ्यावर बर्फ भुरभुरलेले घोडे. मी ह्यांना म्हटलं, अहो, ह्यांना आबा अबलख म्हणतात. परदेशात आल्यापासून एखाद्या गोष्टीचं नाव मला पहिल्यांदाच आधीपासून माहीत होतं.

आमच्या भाड्याच्या घरापासून दीड मैलावर एका बाईंचा घोड्यांचा फार्म होता. तेव्हा त्या साठीच्या होत्या, आयुष्यभर अ‍ॅपलूसा तयार करून शोमध्ये, म्हणजे घोड्यांच्या स्पर्धांत, उतरवलेल्या. मी रोज चालत जाऊन कुंपणाशी उभी राहायची. आठव्या की नवव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. पुढची दोन वर्षं मी शेण काढलं, गवताच्या गासड्या फोडल्या, पाण्याच्या टाक्यांवरचा बर्फ फोडला आणि खरारा केला. पैसे नाहीत, त्याबदल्यात शिकवणं. बाई अंगावर ओरडत नसत, कौतुकही करत नसत. त्यांना खरारा करताना बघून मला आबांचा हात आठवायचा. तळवा आधी, ब्रश नंतर. तळव्याला कळतं कुठं सुजलंय, कुठं दुखतंय.

त्यांच्याकडं एक म्हातारा पांढरा घोडा होता. जवळून बघितलं तर अंगावर चार-दोनच ठिपके, बाकी सगळा दुधासारखा. दिवसा इतका गुणी की लहान मुलानं धरावा. १९८७ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी बर्फाच्या वादळात वीज गेली. तिकडं तेव्हा साडेचारलाच काळोख होतो. बाई दुसऱ्या गोठ्याकडं गेलेल्या, आणि ह्याला मोठ्या तबेल्यात आणायचं काम माझं. मी दोर लावला, दाराबाहेर काढला आणि तो जागच्या जागी थिजला. मान वर, तोंड तिरकं करून आभाळाकडं, अंगाला कापरं. मी ओढलं. तो हलेना. मी आणखी ओढलं, हातातला दोर मनगटाला गुंडाळून. तो एकदम मागं उसळला, कुंपणाच्या फळीवर जाऊन आदळला आणि मी बर्फात तोंडावर.

बाई धावत आल्या. माझ्याकडं बघितलं नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. काहीही, हवेबद्दल, गवताबद्दल, एकसारखं, सपाट आवाजात. दोर ढिला. बोलत बोलत एक पाऊल, थांबून दुसरं. चाळीस पावलांची वाट पार करायला त्यांना पाव तास लागला. आत कंदील लावल्यावर मला म्हणाल्या, "त्याला अंधारात दिसत नाही. जन्मापासून. तुला ते माहीत नव्हतं, त्याला माझी हरकत नाही. पण तो कशाला घाबरलाय हे न बघता तू ओढलंस."

रातांधळा घोडा. ह्या जातीत तो असतो हे पशुवैद्यांना तेव्हा माहीत होतं. कशामुळं, ते पुढं उलगडलं. ठिपके आणणाऱ्या जनुकाला एलपी म्हणतात. ते आई-बाप दोघांकडूनही आलं, म्हणजे दुहेरी झालं, की शिंगरू बहुधा असंच, कमी ठिपक्यांचं, पांढरट निघतं, आणि अंधारात त्याला दिसतच नाही. २००८ च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं की ठिपके आणि रातांधळेपणा ही एकाच जनुकाची दोन कामं आहेत. ज्या रंगासाठी माणसं घोडी निवडत आली, तोच रंग रात्रीची नजर घेऊन जातो. त्या बातमीच्या दिवशी मला तो म्हातारा घोडा आठवला. एव्हाना तो जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

त्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी मला रिंगमध्ये उभं केलं, डोळे मिटायला लावले, दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. त्या दोर ताणायच्या. मी त्या दिशेनं पाऊल टाकलं की लगेच ढिला सोडायच्या. अर्ध्या तासात मला सगळं कळलं, एकही शब्द न बोलता. घोडा दाबानं शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणाला शिकतो. तुम्ही सोडायला अर्धा सेकंद उशीर केलात तर तो भलतंच शिकून बसतो. त्यानं पाऊल उचललं तेव्हा नाही, टेकवलं तेव्हा तुम्ही सोडलंत, की संपलं. माझी सगळी पुढची वर्षं ह्या अर्ध्या सेकंदामागं गेली.

दुसरं एक ह्या बाईंमुळंच घडलं. चीफ जोसेफ ट्रेल राइड म्हणून १९६५ पासून दर उन्हाळ्यात निघणारी एक घोडेस्वारी आहे. पाच दिवस, साधारण शंभर मैल, आणि घोडे फक्त नोंदणीचे अ‍ॅपलूसा. दर वर्षी पुढचे शंभर मैल, असं करत तेरा वर्षांत ती वाट पुरी होते. मी दोनदा गेले. ती वाट कसली आहे हे माहीत झाल्यावर खोगिरात बसणं बदलतं.

हे घोडे मुळात निमीपू ह्या इथल्या आदिवासी लोकांचे, ज्यांना बाहेरचे नेझ पर्स म्हणतात. त्यांनी पारखून पारखून घोडे पोसले. १८०६ च्या फेब्रुवारीत मेरिवेदर लुइस ह्या शोधप्रवाशानं आपल्या रोजनिशीत ह्या मुलखातल्या घोड्यांची तारीफ लिहून ठेवली आहे, त्यात पांढरे मोठे ठिपके असलेल्या घोड्यांचंही वर्णन आहे. १८६३ च्या तहानं निमीपूंना ठेवलेली जमीन एका दशांशावर आली. ऑरेगनमधल्या वालोवा खोऱ्यातल्या जोसेफ ह्या प्रमुखाच्या लोकांनी तो तह कधी मान्य केला नव्हता. १८७७ मध्ये लष्करानं त्यांना खोरं सोडायला लावलं. बायका-पोरं, म्हातारे धरून साताठशे माणसं आणि दोन हजारांवर घोडी, ह्याच वाटेनं अकराशेहून अधिक मैल लढत पळत गेली. कॅनडाची हद्द चाळीस मैलांवर उरली होती, तेव्हा माँटानातल्या बेअर पॉ इथं वेढा पडला. ५ ऑक्टोबर १८७७ ला जोसेफनं हत्यार खाली ठेवलं. घोडे काढून घेतले, विकले, पांगले. जोसेफला आपल्या खोऱ्यात पुन्हा कधी राहू दिलं नाही. १९०४ मध्ये तो परमुलखातच गेला.

ही जात पुन्हा उभी करण्याचं श्रेय क्लबला आहेच. पण शोमध्ये निमीपूंसारखा पोशाख करून घोड्यावर बसायचा एक क्लास, म्हणजे स्पर्धेचा एक प्रकार, असतो, त्यात मी आजवर उतरले नाही. बाईही उतरत नसत. तो पोशाख ज्यांचा, त्यांनी घालावा. १९९५ मध्ये आयडाहोतल्या लॅपवाईला निमीपूंनी स्वतःची घोड्यांची पैदास पुन्हा सुरू केली, अ‍ॅपलूसाला मध्य आशियातल्या अखल-टेके घोड्यांचं रक्त जोडून. मी जाऊन बघून आले. उंच, सडपातळ, लांब मानेची घोडी. मला ती फार आवडली.

१९९७ च्या एप्रिलमध्ये बाईंची एक घोडी व्याली. मी रात्रभर बसून होते. शिंगरू निघालं ते उंदरी रंगाचं, म्हणजे मोठं झाल्यावर काळं होणार, आणि अंगावर एक ठिपका नाही. माझा चेहरा पडला. बाईंनी बॅटरी मागितली. शिंगराचं नाकाडं वर करून बघितलं, शेपटी उचलून बघितली. कातडीवर बारीक गुलाबी-काळा चिवडा होता. खुरांवर उभे पट्टे. आणि डोळ्याच्या बुबुळाभोवती माणसासारखं पांढरं. "वाट बघ," म्हणाल्या. ते शिंगरू त्यांनी मला दिलं. त्यांच्या हातून तयार होणारं ते शेवटचं असणार होतं, गुडघे गेले होते त्यांचे.

दोन वर्षं मी तिला काळीच म्हणत होते. तिसऱ्या वर्षी हिवाळ्याचे केस गळाले आणि पाठीवर, पुठ्ठ्यावर पांढऱ्या तांदळाएवढ्या खुणा उमटल्या. खडीची चंद्रकळा! माझ्या आजीच्या ट्रंकेत एक होती, काळ्या लुगड्यावर पांढरी खडी. नोंदणीच्या कागदावर तेच नाव घातलं. इथल्या लोकांना ते म्हणता येईना, ते चंद्रा म्हणायचे.

घोडं तयार करणं म्हणजे बाहेरच्याला वाटतं, बसायचं आणि दौडायचं. चंद्रकळेच्या पाठीवर मी बसले ती तिला अडीच वर्षं झाल्यावर. त्याआधी: पहिल्या आठवड्यात अंगभर हात, कान, तोंडात बोट, चारी पाय उचलणं. महिनाभरानं म्होरकी. दोर धरून चालणं, थांबणं, खांद्याला बोट लावलं की बाजूला सरणं. बांधून उभं राहायला शिकवणं, आणि हे फार महत्त्वाचं, कारण शोच्या दिवशी घोडं बारा तास ट्रेलरला, म्हणजे घोडे न्यायच्या जोडगाडीला, बांधलेलं असतं. मग ट्रेलर. त्यात चढवण्यासाठी मी अकरा दिवस घेतले. पहिले दहा दिवस रोज वीस मिनिटं फक्त ट्रेलरसमोर उभं राहिलो. तिनं एक पाय फळीवर ठेवला की दोर ढिला आणि घरी. अकराव्या दिवशी ती स्वतःहून आत गेली आणि मी बाहेर राहिले. मग गोल रिंगणात सैल दोरावर चाल, दुडकी, चौखूर, आवाजावर. माझ्या आज्ञा मराठीत. "चल." "हळू." "थांब." जिभेची टकटक आबांची.

मग दोन लांब लगाम. बाईंनी ते काढले तेव्हा माझ्या पोटात कालवलं. इथं त्याला लाँग लायनिंग म्हणतात, घोड्यामागून चालत हाकणं. मिरजेच्या रस्त्यावरचीच ती पहाट. मी तो आठवडा झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. आबा तेव्हा हयात नव्हते. बाईंना मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुला कुणी तरी आधीच शिकवलंय, मी उगाच एवढी वर्षं घालवली.

खोगीर पाठीवर घातलं, तंग हळूहळू आवळला, तीन दिवसांत तिनं ते सोडून दिलं. पहिल्यांदा बसले तेव्हा मी रिकिबीत पाय ठेवून आडवीच पडून राहिले तिच्या पाठीवर, पोत्यासारखी. ती मान वळवून माझा बूट हुंगत होती. दहा मिनिटांनी पाय पलीकडं टाकला. मांड बसली. ती उभी राहिली, मोठा श्वास सोडला, ओठ चावले. घोडं ओठ चघळायला लागलं की समजावं, आतलं काही तरी सैल झालं.

पहिला शो मॉस्कोतल्या काउंटीच्या जत्रेत, ती तीन वर्षांची असताना. आदल्या रात्री आंघोळ, कान-नाकपुड्यांचे केस कापणं, आयाळीच्या बारीक बारीक बटा रबरानं बांधणं. अ‍ॅपलूसाची आयाळ आणि शेपटी बहुधा विरळ असते. त्यावर जेवढं करता येतं तेवढंच. खुरांना बाकी लोक काळं पॉलिश लावतात, आम्ही पारदर्शक लावतो, पट्टे दिसावेत म्हणून. सकाळी वेस्टर्न प्लेझर क्लास. सगळे घोडे एकाच वेळी रिंगच्या कडेनं फिरतात, जज मध्ये उभा, आणि माइकवरून चाल, जॉग म्हणजे दुडकी, लोप म्हणजे संथ चौखूर, असं सांगतात. लगाम सैल हवा. बघणाऱ्याला वाटावं, बसणारा काहीच करत नाही. दुसऱ्या चक्कराला लाउडस्पीकर कर्कश वाजला, चंद्रकळा उडाली आणि तीन घोड्यांच्या मधून आडवी गेली. आम्ही शेवटून पहिल्या. बाई कुंपणापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ती परत आली ना तुझ्याकडं?" आली होती. उडाल्यावर तीन ढांगांत तिनं एक कान माझ्याकडं फिरवला होता.

ह्या प्लेझर क्लासबद्दल माझं मत कडवट आहे. ऐंशीच्या दशकात फॅशन आली होती, घोड्याचं नाक जमिनीला लागेल इतकं डोकं खाली आणि चाल रांगत्या मुलासारखी. पुढं डोकं खांद्याच्या उंचवट्याखाली ठेवू नये असे नियम झाले, पण हात आखडून घोड्यांची मान पाडणारे लोक मी नंतरही बघितले. असं घोडं समोरचं काही बघतच नाही. म्हणून मी ट्रेल क्लासकडं वळले. त्यात खोगिरातून न उतरता फाटक उघडून पलीकडं जाऊन लावायचं, लाकडी पुलावरून चालायचं, जमिनीवर मांडलेल्या ओंडक्यांवरून पाय न लागता दुडकत जायचं, इंग्रजी एल आकाराच्या गल्लीतून उलटं मागं यायचं. तिथं घोड्याला खाली बघू द्यावंच लागतं. शिवाय अ‍ॅपलूसांच्या शोमध्ये नेझ पर्स स्टेक रेस असते, दोन घोडी शेजारी शेजारी खांबांच्या दोन ओळींतून नागमोडी धावतात, हरलं ते बाहेर. ती बघताना मी आजही ओरडते.

सात वर्षांची असताना चंद्रकळेला घेऊन आम्ही टेक्सासात फोर्ट वर्थला गेलो, अ‍ॅपलूसांच्या वर्ल्ड शोला. जवळजवळ दोन हजार मैल, हे आणि मी आळीपाळीनं ट्रेलर हाकत. ट्रेलमध्ये ती पहिल्या दहात आली. पुलावर चढताना तिनं थांबून फळी हुंगली, मी थांबू दिलं, गुण गेले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

२००६ च्या जूनमध्ये एका सकाळी तिचा डावा डोळा अर्धा मिटलेला दिसला. पाणी येत होतं. कचरा गेला असेल म्हणून मी धुतला आणि दोन दिवस घालवले. ते दोन दिवस मला अजून टोचतात. युव्हिआयटिस, डोळ्याच्या आतला दाह, पुन्हा पुन्हा येणारा. अ‍ॅपलूसांत तो इतर जातींपेक्षा आठपट आढळतो. दर हल्ल्यात डोळ्याच्या आत थोडं थोडं चिकटत जातं, मोतीबिंदू धरतो, कधी काचबिंदू. औषध दर चार तासांनी. दुखऱ्या डोळ्याला घोडं हात लावू देत नाही, म्हणून वरच्या पापणीतून एक बारीक नळी बसवली, ती कपाळावरून आणून आयाळीच्या वेणीत गुंफली आणि खांद्यापाशी सिरिंजचं तोंड. शोसाठी ज्या हातानं तिच्या आयाळीच्या बटा बांधल्या त्याच हातानं मी ती नळी बांधली. पहाटे दोनला, सहाला, दहाला. अ‍ॅट्रोपिन ह्या औषधानं बाहुली मोठी राहते, पण आतडी मंदावतात, म्हणून दर वेळी पोटाला कान लावून गुडगुड ऐकायची. तोंडावर ऊन अडवणारा जाळीचा मुखवटा. मला झापडं आठवायची.

तीन वर्षांत सात हल्ले. शेवटी त्या डोळ्यात नजर राहिली नव्हती, नुसतं दुखणं राहिलं होतं. डोळा काढायचा निर्णय मी सहा महिने लांबवला. २००९ मध्ये काढला. गुंगी देऊन, उभ्या उभ्या. टाके पडले, केस कापलेला गाल सुजलेला. आणि तिसऱ्या दिवशी ती चरताना शेपूट झटकून दुसऱ्या घोडीशी भांडत होती. माझ्या लक्षात आलं, हिचं गेले कित्येक महिने डोकं दुखत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

घोड्याला दोन डोळ्यांनी जवळपास सगळीकडचं दिसतं, नाकासमोरचं आणि शेपटीमागचं थोडं सोडून. चंद्रकळेचा अर्धा मुलूख बंद झाला, तोही डावा. आपण घोड्याकडं जातो डावीकडून, चढतो डावीकडून, दोर धरून चालतो डावीकडून. सगळं पुन्हा सुरू केलं, म्होरकीपासून. हात लावण्याआधी आवाज, "आले गं, डावीकडनं." मी उजवीकडून चढायला शिकले, चाळिशी उलटल्यावर उजवा पाय रिकिबीत घालून मांड टाकणं सोपं नव्हतं. ती सरळ चालेना, डोकं डावीकडं वळवून चाले. पहिले काही आठवडे मी तिला सरळ करत राहिले. मग एकदा मी स्वतः डावा डोळा रुमालानं बांधून अंगणात चालले आणि माझं डोकं आपोआप डावीकडं वळलं. उजव्या डोळ्याला समोर आणायचं तर दुसरं काय करणार? त्या दिवसापासून तिचं डोकं तिच्या मर्जीवर.

ओंडक्यांचं अंतर तिला जोखता येईना, खूर लागायचा. मी प्रत्येक ओंडक्याआधी "हं" म्हणायला लागले. चार महिने. "हं" आणि पाय उचल. "हं" आणि पाय उचल. गावाकडं बैलगाडी ओढ्यातून काढताना गाडीवान असाच हुंकार देतो.

२०१० च्या सप्टेंबरात पुन्हा तीच काउंटीची जत्रा. प्लेझरमध्ये मी उतरले नाही. डाव्या हाताला फिरताना कडेचं कुंपण तिच्या उजवीकडं राहतं आणि पुढं जाणारे घोडे न दिसणाऱ्या बाजूनं येतात, ते तिच्यावर लादायचं नव्हतं. ट्रेलला रिंगमध्ये एका वेळी एकच घोडं. फाटक मी उजव्या हातानं उघडलं, दिसत्या बाजूनं. पुलाशी ती थांबली. डोकं डावीकडं वळवलं, फळ्या पाहिल्या, हुंगल्या. मी काही केलं नाही. मागं प्रेक्षकांत शांतता. मग चार टापा लाकडावर वाजल्या. बाई त्या वर्षी चाकाच्या खुर्चीत होत्या, ब्लँकेट पांघरून. कितवा नंबर आला ते मी सांगत नाही, कारण त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी तिचं नाकाडं दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या बंद पापणीवर कपाळ टेकवलं. पुढच्या वसंतात त्या गेल्या.

चंद्रकळेची वीण मी पुढं नेली नाही. अनेकांनी विचारलं, इतक्या गुणी घोडीचं शिंगरू का नाही घेत? हा दाह होण्याचा कल रक्तातून उतरतो. डोळ्यात नळी बसवून पहाटे दोनला उठणं मला पुन्हा जमेल, पण शिंगराच्या वाट्याला ते द्यायचा मला हक्क नाही. हा माझा कायमचा वाद आहे ह्या क्षेत्रातल्या लोकांशी. ठिपके पाहून जोडी लावतात, डोळ्यांची विचारपूस करत नाहीत. आता तर शेपटीचे मुळासकट वीस-तीस केस पाकिटात घालून पाठवले की एलपी एकेरी की दुहेरी ते कळतं. तरी टाळतात.

गेल्या वर्षी एका फार्मवरून मी एक वर्षाची शिंगी आणली. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, पुठ्ठ्यावर चादर. केस आधी पाठवले, उत्तर आलं, एकेरी. रात्री दिसेल. बाकीचं बॅटरी घेऊन रोज बघायचं. चंद्रकळा आता सत्तावीसची आहे. दर हिवाळ्यानं तिच्यात थोडं पांढरं मिसळत गेलं आणि खडी त्यात विरून गेली. काळं उरलंय ते फक्त गुडघ्यांवर आणि गालाच्या हाडांवर. दात झिजलेत, म्हणून गवताच्या गोळ्या गरम पाण्यात भिजवून देते.

शिंगी सतत तिच्या डाव्या अंगाला घुसते आणि चंद्रकळा दचकते, म्हणून मी शिंगीच्या गळ्यात एक लहानशी घंटी बांधली आहे. मिरजेच्या बाजारातली, टांग्याच्या घोड्याची. ती वाजली की चंद्रकळा डावा कान तिकडं फिरवते आणि खात राहते.